ग्रेशमचा चौक, अ‍ॅडमचे खांब: ऑस्टर्ली पार्कची वास्तू समजून घेताना

लंडनहून हीथ्रो विमानतळाकडे जाणाऱ्या पिकॅडिली लाइनवर ऑस्टर्ली नावाचे स्टेशन लागते. तिथे उतरून थोडे चालले की एका विस्तीर्ण उद्यानात लाल विटांचे चौकोनी घर दिसते. चार कोपऱ्यांवर चार बुरूज आहेत आणि त्यांच्या माथ्यावर निमुळते होत गेलेले छोटे घुमट. समोरच्या बाजूला, जिथे भिंत आणि दरवाजा असायला हवा, तिथे मात्र फिकट दगडाच्या उंच खांबांच्या दोन रांगा आहेत आणि त्यांच्यामधून आरपार आतला चौक दिसतो. बुरूज पाहिले तर घर पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातले वाटते. खांब पाहिले तर एखादे रोमन देऊळ आठवते. या दोन्हींमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे, तरी ती एकाच घराची अंगे आहेत.

इंग्लंडमधली बहुतेक जुनी मोठी घरे अशीच आहेत. एका झटक्यात बांधले गेले आणि नंतर कोणी हातही लावला नाही, असे घर विरळाच. दर दोन-तीन पिढ्यांनी कोणीतरी श्रीमंत होते, कोणी परदेश पाहून येते, कोणाचे मोठ्या घराण्यात लग्न ठरते आणि गवंडी, सुतार पुन्हा कामाला लागतात. म्हणून अशा घरावर एकाच शैलीचे नाव चिकटवले की निम्मी गोष्ट हातातून निसटते. कोणी काय बदलले, का बदलले आणि काय तसेच राहू दिले, हे पाहत गेलो तरच ते घर उलगडते. ऑस्टर्लीत हे फार स्पष्ट दिसते, आणि मला स्वतःला तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुविशारदाने इथे जे सर्वांत सुंदर केले, ते जुन्या घराने त्याला घातलेल्या अडचणींतून आलेले आहे. कोरा कागद मिळाला असता तर हे खांब इथे आले नसते.

पहिले घर

ऑस्टर्लीची जमीन १५६२ मध्ये टॉमस ग्रेशमने घेतली. ग्रेशम हा लंडनचा मोठा व्यापारी. इंग्लंडच्या राजघराण्यासाठी अँटवर्पच्या बाजारात कर्जे उभी करण्याचे काम तो करी, आणि लंडनची रॉयल एक्सचेंज ही व्यापाऱ्यांच्या उलाढालीची जागा त्यानेच उभारली. १५७० च्या दशकात त्याने इथे विटांचे घर बांधले. १५७६ मध्ये राणी तिथे पाहुणी म्हणून राहिली होती.

त्या भेटीची एक गोष्ट सांगितली जाते. राणी म्हणाली, चौक फार मोठा आहे, मध्ये भिंत घातली तर बरा दिसेल. ग्रेशमने रातोरात लंडनहून कारागीर बोलावले, आणि सकाळी राणीने खिडकी उघडली तेव्हा भिंत उभी होती. ही दंतकथा म्हणूनच घ्यावी. पण ऑस्टर्लीबद्दलची सगळ्यांत जुनी गोष्ट चौकाबद्दलची आणि त्यात केलेल्या बदलाबद्दलची असावी, हे मला अगदी योग्य वाटते. या घराचा कणा चौकच आहे.

त्या काळच्या मोठ्या इंग्लिश घराची मांडणी समजायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. चौकाचा वाडा डोळ्यांसमोर आणला की पुरे: मध्ये मोकळी जागा, चारी बाजूंना खोल्या. फरक असा की तिथे चौकाकडे उघडी ओसरी नसते. थंडीमुळे खोल्या भिंती-खिडक्यांनी बंद असतात. शिवाय प्रत्येक बाजू साधारण एका खोलीच्या जाडीची असते आणि वेगळा बोळ सहसा नसतो. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असेच जावे लागते. मालक, पाहुणे, पाण्याच्या बादल्या, जेवणाची ताटे, सगळ्यांची वाट एकच. सोळाव्या शतकात याचे कोणाला काही वाटत नसे. अठराव्या शतकातल्या श्रीमंतांना ते अजिबात चालेना. जुन्या घरांची पुनर्रचना होण्यामागे शोभेच्या हौसेइतकेच हेही कारण असे.

ग्रेशमच्या काळातला जो भाग आजही ठळकपणे जाणवतो तो मुख्य घराच्या बाजूचा तबेला. जुन्या विटांचे, जिन्याच्या छोट्या बुरुजांचे ते बांधकाम पाहिले की मूळ घराच्या पोताचा अंदाज येतो. मुख्य घराचे बाहेरचे वीटकाम अठराव्या शतकात बऱ्याच प्रमाणात नव्याने चढवले गेले. खिडक्याही त्याच काळात बदलल्या आणि वर-खाली सरकणाऱ्या उंच तावदानांच्या झाल्या. म्हणजे जे बुरूज आपण एलिझाबेथच्या काळाचे म्हणून पाहतो, त्यांची कल्पना जुनी आहे, पण अंगावरची वीट बरीचशी नंतरची आहे. जुने रूप मुद्दाम राखले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सावकारांच्या हाती

ग्रेशमनंतर घर अनेक हातांतून फिरले. १६८० च्या दशकात ते निकोलस बार्बनकडे आले. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये घरे बांधून विकण्याचा धंदा करणारा आणि आगीच्या विम्याची कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी हा एक. त्याने ऑस्टर्ली गहाण टाकले. त्याच्या मृत्यूनंतर ते कर्ज फिटले नाही आणि १७१३ मध्ये घर सर फ्रान्सिस चाइल्ड या बँकरच्या घराण्याकडे गेले.

चाइल्ड यांची बँक लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, मॅरिगोल्डच्या फुलाच्या पाटीखाली चाले. ऑस्टर्लीच्या सजावटीत हे फूल जागोजागी भेटते. या घराण्यातले काही जण ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक होते. घराण्याचे मानचिन्ह रंगवून खास चीनमधून मागवलेली चिनी मातीची भांडी आणि पूर्वेकडून आलेले लाखेचे काम आजही घरात आहे. मुंबई बेट १६६८ पासून कंपनीच्या ताब्यात होते आणि तिच्या व्यापाराचे ते एक महत्त्वाचे ठाणे होते. ऑस्टर्लीच्या भिंतींवर लागलेल्या पैशाचा एक धागा त्या व्यापारात गुंतलेला आहे. मराठी माणसाने हे घर पाहताना हे विसरू नये असे मला वाटते.

सर फ्रान्सिसचा नातू, आजोबांच्याच नावाचा फ्रान्सिस चाइल्ड हा तरुण वारस, १७६१ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडमकडे गेला. दोनच वर्षांत, १७६३ मध्ये, लग्नाच्या तोंडावर त्याचा मृत्यू झाला आणि धाकटा भाऊ रॉबर्ट चाइल्ड मालक झाला. रॉबर्ट आणि त्याची बायको सॅरा यांनी काम थांबवले नाही. पुढची जवळजवळ वीस वर्षे, १७८० च्या आसपासपर्यंत, अ‍ॅडम इथे एकेक खोली घडवत राहिला.

घर पाडून नवे का बांधले नाही? पैशाची तर ददात नव्हती. पण दोन पिढ्यांपूर्वी व्यापारातून वर आलेल्या घराण्याला जुन्या बुरुजांची किंमत काय असते ते माझ्या मते नेमके ठाऊक होते. नवी संपत्ती नवे घर केव्हाही बांधू शकते. दोनशे वर्षांचे बुरूज मात्र विकतच घ्यावे लागतात, आणि ते यांच्याकडे आयते आले होते. शिवाय लंडनमध्ये बर्कली स्क्वेअरला त्यांचे राहते घर होतेच. ऑस्टर्ली ही शहरापासून गाडीने सहज गाठता येणारी, पाहुणे बोलवायची, मेजवान्या द्यायची जागा होती. ती पाहणाऱ्याच्या मनावर ठसणे महत्त्वाचे होते.

भिंतीऐवजी खांब

अ‍ॅडम १७२८ मध्ये स्कॉटलंडमध्ये, एका वास्तुविशारदाच्याच घरी जन्मला. १७५४ ते १७५८ ही वर्षे त्याने मुख्यतः इटलीत काढली आणि परतीच्या वाटेवर आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट इथल्या डायोक्लेशियन बादशहाच्या राजवाड्याची मोजमापे घेतली. हे फार मोलाचे ठरले. त्याच्या आधीचे इंग्लिश वास्तुविशारद रोमन देवळे पाहून घरे बांधत. देवळाचे नियम राहत्या घराला लावले की ती घरे भारदस्त होत, पण जड होत. अ‍ॅडमने रोमन लोक राहत कसे होते ते पाहिले. त्यांच्या भिंतींवरची नाजूक वेलबुट्टी, अर्धगोल कोनाडे, वेगवेगळ्या आकारांच्या खोल्यांची साखळी हे सारे त्याने आपल्या कामात आणले.

वास्तूत ‘गती’ असावी, असा त्याचा आग्रह होता. पुढे आलेला भाग, मागे सरलेला भाग, चढ, उतार यांनी नजर हलती राहिली पाहिजे. डोंगर-दऱ्यांनी निसर्गचित्राला जे मिळते ते इमारतीला या चढउतारांनी मिळते, असे त्याचे म्हणणे.

आता ऑस्टर्लीची अडचण पाहा. चारी बाजूंनी बंद असलेला, विटांचा चौकोन. बाहेरून येणाऱ्याला आधी एक भिंत दिसणार, मग आतला चौक, मग पलीकडे मुख्य दालन. नव्या पद्धतीच्या घरात दर्शनी भागाच्या मधोमध भव्य प्रवेशमंडप असतो आणि त्यातून थेट दालनात पाऊल पडते. इथे प्रवेशमंडप लावायचा कुठे? बाहेरच्या भिंतीला लावला तर त्यामागे दालन नाही, मोकळा चौक आहे. आतल्या भिंतीला लावला तर तो बाहेरून दिसणारच नाही.

अ‍ॅडमने पूर्वेची बाजू मधोमध उघडी केली आणि दोन बुरुजांच्या दरम्यान खांबांच्या दोन रांगा उभ्या केल्या. प्रत्येक रांगेत सहा खांब आहेत आणि वर देवळासारखे त्रिकोणी शिखर. नेहमीच्या प्रवेशमंडपामागे भिंत असते. इथे मागे काहीच नाही, मंडप आरपार आहे. उद्यानातून येणारा माणूस रुंद पायऱ्या चढतो, खांबांमधून जातो आणि चौकात येतो. चौक जमिनीलगत नाही. तो घराच्या मुख्य मजल्याच्या उंचीवर आहे, त्यामुळे एकदा चढल्यावर पुन्हा उतरावे लागत नाही. सरळ चौक ओलांडून दालनाच्या दारापाशी जायचे.

खांब आयोनिक पद्धतीचे आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढताना जे जाडजूड, साध्या माथ्याचे खांब दिसतात ते डोरिक. आयोनिक खांब त्यापेक्षा सडसडीत असतो आणि त्याच्या माथ्यावर दोन बाजूंना गुंडाळीसारखी वळणे असतात. ऑस्टर्लीत ही निवड फार नेमकी आहे. डोरिकच्या जाडीने चौक झाकला गेला असता. आयोनिकच्या सडपातळ रांगांमधून प्रकाश आत येतो आणि नजरही जाते.

होरेस वॉलपोल हा त्या काळचा चोखंदळ, जिभेने तिखट असा लेखक १७७३ मध्ये इथे येऊन गेला आणि एका उमराव बाईंना पत्र लिहून त्याने या घराला ‘राजवाड्यांचा राजवाडा’ म्हटले. बुरुजांमधली जागा भरणारा हा दुहेरी मंडप त्याला अथेन्सच्या अक्रोपोलिसच्या प्रवेशद्वाराइतका उदात्त वाटला. त्याच वाक्यात, हा राजवाडा खरा, पण मुकुटही नसलेल्या आणि सरदारकीही नसलेल्या माणसाचा, असा चिमटाही त्याने काढला आहे. बँकरचा पैसा उमरावांच्या डोळ्यांत कसा खुपत होता, ते त्यातून कळते.

सोयीच्या दृष्टीने पाहिले तर ही रचना निर्दोष नाही. इंग्लंडच्या पावसात उघडा चौक ओलांडून दाराशी पोचणे पाहुण्यांना सुखाचे झाले नसणार. तरीही मी हाच निर्णय या घरातला सर्वोत्तम निर्णय मानतो. बंद चौकोन मोडून टाकण्याऐवजी अ‍ॅडमने त्याला एका बाजूने श्वास दिला, आणि बुरूज आपोआप मंडपाच्या दोन्ही बाजूंचे रखवालदार झाले. जुने आणि नवे इथे एकमेकांना उजळतात.

आत शिरल्यावर

दालनात पाऊल टाकताच रंग थंडावतात. पांढरा, राखाडी, संगमरवराची फरशी. खाली पाहिले तर फरशीवरची नक्षी छताच्या नक्षीला उत्तर देते. दालन लांबट आहे. अ‍ॅडमने त्याच्या दोन्ही टोकांना अर्धगोल वळण दिले, त्यामुळे लांबी बोचत नाही आणि खोलीला घडवलेला आकार येतो. भिंतींवर खरे खांब नाहीत, भिंतीतूनच किंचित उठून आलेले चपटे खांब आहेत. त्यांच्या मधल्या पट्ट्यांत चुन्याच्या गिलाव्यातली शस्त्रांची शिल्पे आहेत. अ‍ॅडमचे गिलाव्याचे काम करणारा जोसेफ रोझ हा त्या काळचा या कलेतला अव्वल कारागीर होता. वारंवार येणारे नक्षीचे तुकडे साच्यात ओतून घ्यायचे आणि बाकीचे जागेवर हाताने घडवायचे, अशी ही पद्धत. त्यामुळेच एवढी बारीक नक्षी एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर शक्य झाली.

जेवणाची खोली पाहताना तिथे काय नाही ते आधी पाहावे. भिंतींवर रेशमी कापड नाही, गालिच्यासारखी विणलेली चित्रे नाहीत. गिलाव्याची नक्षी आणि भिंतीत बसवलेली चित्रे आहेत. अ‍ॅडम बंधूंनी १७७३ पासून आपल्या कामांचे आराखडे छापायला सुरुवात केली, त्यात याचे कारण स्वच्छ दिले आहे: कापडात अन्नाचा वास धरून राहतो. खोलीच्या मधोमध कायमचे टेबलही नाही. जेवणाच्या वेळी घडीची टेबले आणून मांडत, जेवण झाले की उचलून नेत. एरवी लायर नावाच्या ग्रीक तंतुवाद्याच्या आकाराच्या पाठीच्या खुर्च्या भिंतीलगत ओळीने उभ्या असत. म्हणूनच छताची नक्षी खाली काही आड न येता पूर्ण दिसते. छत, भिंत, खुर्ची, बाजूचे टेबल यांत एकच हात जाणवतो, आणि अ‍ॅडमचे वेगळेपण हेच होते. दाराची मूठ, आरशाची चौकट, शेगडीची जाळी हे सारे तो स्वतः आखून देई. ऑस्टर्लीचे बरेचसे लाकडी सामान जॉन लिनेलच्या कारखान्यात घडले.

पश्चिमेकडे, बागेच्या बाजूला, घराच्या पूर्ण लांबीची गॅलरी आहे. लांबी सुमारे १३० फूट. लांब गॅलरी ही सोळाव्या शतकातल्या, म्हणजे ट्यूडर काळातल्या घरांतली जुनी कल्पना. पावसाळी दिवसांत फेऱ्या मारायला, तसबिरी लावायला ती उपयोगी पडे. ऑस्टर्लीची गॅलरी अ‍ॅडम येण्याआधीच नव्याने सजवली गेली होती आणि त्याचे श्रेय विल्यम चेंबर्स या वास्तुविशारदाला दिले जाते. अ‍ॅडमने तिला फारसे छेडले नाही, आरशांसारख्या काही वस्तू आखून दिल्या, एवढेच. इथे कुठलीच चमत्कृती नाही, लांबी आणि प्रकाश यांवरच ही जागा उभी आहे. समकालीन स्पर्धकाचे काम बरे असेल तर ते राहू देणे, हेही पुनर्रचनेतले एक कौशल्य आहे.

गॅलरीच्या दक्षिण टोकापासून औपचारिक खोल्यांची रांग सुरू होते. इथे पुन्हा जुन्या घराचा दोष कामी आला. एका खोलीच्या जाडीची बाजू, बोळ नाही, म्हणजे एकीतून दुसरीत जाणे भागच. अ‍ॅडमने दारे एका सरळ रेषेत घेतली आणि त्या सक्तीच्या वाटेला प्रवासाचे रूप दिले. प्रत्येक दार उघडताना रंग, पोत, वातावरण बदलते.

आधी दिवाणखाना. त्याचे छत सिरियातल्या पाल्मिरा इथल्या बेल देवाच्या मंदिराच्या छतावरून घेतले आहे. त्या अवशेषांची कोरीव चित्रे लंडनमध्ये १७५३ मध्ये छापली गेली आणि वास्तुविशारदांनी ती अक्षरशः पारायणे करून वापरली. मधोमध सूर्यफुलासारखे मोठे वर्तुळ, भोवती भौमितिक खणांतली फुले, आणि खालच्या गालिच्यात त्याच छताचा पडसाद. पाल्मिराचे ते मंदिर २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटने सुरुंग लावून उडवले. त्यानंतर ऑस्टर्लीच्या या छताकडे पाहताना माझ्या मनात वेगळीच कालवाकालव होते. दगडातले मूळ गेले आणि त्यावरून केलेली गिलाव्याची नक्षी हजारो मैलांवर शाबूत आहे.

पुढची खोली पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणलेल्या भित्तिचित्रांची. ऐन गुलाबी-लाल पार्श्वभूमी, फुलांच्या माळा, आणि मध्ये फ्रेंच चित्रकार बूशेच्या चित्रांवरून विणलेली अंडाकृती दृश्ये, ज्यांना चौकटीसुद्धा विणलेल्याच. भिंतींची मापे पॅरिसला पाठवून त्याप्रमाणे ही चित्रे विणून घेत. खोली आधीपासून ठरलेली, त्यामुळे कापडच तिच्या मापाने बेतले गेले. खुर्च्यांची आवरणेही त्याच कारखान्याची. असे संच तेव्हा मोजक्याच इंग्लिश घरांनी मागवले. क्रूम कोर्ट इथला अशाच प्रकारचा संच आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ऑस्टर्लीचा मात्र ज्या भिंतींसाठी विणला त्याच भिंतींवर आहे.

त्यानंतर मानाच्या पाहुण्यांसाठीची झोपण्याची खोली. त्यातला पलंग म्हणजे घुमट असलेले छोटे देऊळच. १७७८ मध्ये वॉलपोल पुन्हा आला तेव्हा या पलंगाची शोभा त्याला नाटकी वाटली, त्या काळच्या बायकांच्या उंच केशरचनेसारखी. इथे मी त्याच्याशी सहमत आहे. हा पलंग अ‍ॅडमचा, पण त्याच्या हाताचा तोल इथे सुटलेला दिसतो.

रांगेच्या शेवटी एट्रुस्कन खोली. रोमन लोकांच्या आधी इटलीत राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांचे हे नाव. लाल, सोनेरी खोल्यांमधून आलेली नजर एकदम फिकट निळसर भिंतींवर जाते. त्यांवर काळ्या आणि विटकरी रंगात कमानी, माळा, पुतळे रंगवलेले आहेत. ही चित्रे पिएत्रो मारिया बोर्ग्निस या इटालियन चित्रकाराची. इटलीत जुन्या थडग्यांत सापडलेल्या भांड्यांवरची रंगसंगती अ‍ॅडमने भिंतीवर आणली. ती भांडी तेव्हा एट्रुस्कन समजली जात, पण त्यांतली बरीचशी ग्रीक होती. वॉलपोलला ही खोली सोसवली नाही. राजवाड्यातून निघून कुंभाराच्या आवारात यावे तसे झाले, असे त्याने लिहिले. मला ती अ‍ॅडमच्या धाडसी खोल्यांपैकी एक वाटते. सोने नाही, रेशीम नाही, केवळ रंग आणि रेषा यांच्या आधारावर त्याने संपूर्ण खोली उभी केली आहे.

या सगळ्या थाटाखाली दुसरे घर आहे. मुख्य मजला उंच असल्यामुळे त्याखालच्या मजल्यावर स्वयंपाकघर, नोकरांची जागा, कोठार यांना वाव मिळाला. पाहुणे वरून चालत आणि काम खालून चाले. कोळसा, गरम पाणी, ताटे वर पोचत, पण वाहून नेणारी माणसे शक्य तितकी नजरेआड राहत. वरची सुबकता पाहून झाल्यावर खाली जाऊन तिथला मंद उजेड पाहिला पाहिजे. दोन्ही मिळूनच ते घर चाले.

घर जसेच्या तसे कसे राहिले

१७८२ मध्ये चाइल्ड दांपत्याची एकुलती मुलगी सॅरा अ‍ॅन वेस्टमोरलँडच्या अर्लबरोबर पळून गेली आणि स्कॉटलंडच्या हद्दीवरच्या ग्रेटना ग्रीन इथे तिने लग्न केले. बाप संतापला. आपली संपत्ती अर्लच्या गादीबरोबर जाऊ नये म्हणून मुलीच्या थोरल्या मुलाला वगळून ती पुढच्या अपत्याला मिळेल अशी तजवीज त्याने केली आणि काही आठवड्यांतच तो वारला. संपत्ती पुढे नात सॅरा सोफिया हिच्याकडे गेली. १८०४ मध्ये तिचे लग्न पुढे जर्सीचा पाचवा अर्ल झालेल्या माणसाशी झाले. जर्सी घराण्याचे स्वतःचे मोठे घर ऑक्सफर्डशायरमध्ये होते, त्यामुळे ऑस्टर्ली दुय्यम ठरले. दुय्यम घरावर कोणी पैसे उधळत नाही. व्हिक्टोरियन काळात इतर घरांवर जे थर चढले ते इथे फारसे चढले नाहीत. कौटुंबिक भांडणाने एक वास्तू वाचली, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच १७८२ सालात, मालकाच्या मृत्यूनंतर, घरातल्या सामानाची खोलीवार यादी केली गेली. कोणत्या खोलीत किती खुर्च्या, कोणते पडदे, कोणता गालिचा. हा कागद आज सोन्याच्या मोलाचा आहे. १९४९ मध्ये जर्सीच्या नवव्या अर्लने घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने फर्निचर ताब्यात घेऊन कित्येक वर्षे घर सांभाळले. सामान पुन्हा आपापल्या जागी लावताना हीच यादी हाताशी होती.

मात्र यादीप्रमाणे खोल्या लावणे म्हणजे घर एका सालात थांबवणे. १७८२ नंतरही तिथे लोक राहिले, खुर्च्या भिंतीपासून ओढून मध्ये आणल्या गेल्या, मुले खेळली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, याच आवारात होमगार्ड या नागरी स्वयंसेवकांच्या दलाला गनिमी युद्धाचे शिक्षण देणारी शाळा चालली. उद्यान चिरत १९६० च्या दशकात एम-४ महामार्ग गेला. या साऱ्याला घरात किती जागा द्यायची, हा जतन करणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न आहे. अ‍ॅडमच्या खोल्या इतक्या पूर्ण, इतक्या काटेकोर आहेत की तिथे मला १७८२ चा निर्णय पटतो. घराच्या इतर भागांत मात्र नंतरच्या माणसांच्या खुणा अधिक दिसाव्यात असे वाटते.

काही गोष्टी परत आल्याच नाहीत. जिन्यावरच्या छताला रूबेन्सने बकिंगहॅमच्या ड्यूकच्या गौरवार्थ रंगवलेले चित्र होते. अर्लने ते आपल्याबरोबर जर्सी बेटावर नेले आणि १९४९ मध्येच तिथल्या आगीत ते जळाले. आज जिना चढताना वर दिसते ती त्याची प्रतिकृती.

ऑस्टर्ली पाहायला जाणार असाल तर आधी तबेल्याकडे जा, मग पायऱ्यांसमोर उभे राहा, आणि वेळ उरला तर जवळच थेम्सकाठी असलेले सायन हाउस पाहा. तेही जुने चौकोनी घर, तिथेही बुरूज, आणि १७६० च्या दशकात तिथेही अ‍ॅडमच काम करत होता. तिथला मालक नॉर्थम्बरलँडचा ड्यूक होता आणि अडचणी वेगळ्या होत्या. जुन्या खोल्यांच्या जमिनी एका पातळीवर नव्हत्या. अ‍ॅडमने मोठ्या दालनाच्या टोकाला पायऱ्या घेतल्या आणि त्यांच्यासमोर डोरिक खांब उभे केले, त्यामुळे पातळीतला फरक हा दोष न वाटता मुद्दाम केलेला थाट वाटतो. त्यापुढची खोली चौरस नव्हती. तिथे त्याने एका बाजूचे खांब भिंतीपासून सोडवून पुढे आणले, आणि खांबांच्या आतली जागा डोळ्यांना चौरस दिसू लागली. त्या खोलीत गेलात की खांबांच्या मागे जाऊन उभे राहा. जुनी भिंत जिथे होती तिथेच आहे.